बासष्ट नंबर

गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात.
त्या रविवारी सोळाही रस्त्यांच्या तोंडाला
बांबू आडवे बांधले होते.
दूधवाला थांबलेला, पेंडीचा टेम्पो थांबलेला,
एक नवरदेवही थांबलेला, फेट्यासकट, रिक्षात.

मी काही शर्यत बघायला आले नव्हते.
माझं शिवण बघायला आले होते.
बासष्ट पांढरे चौकोन, त्यांवर काळे आकडे,
चार कोपऱ्यांना चार नाड्या, पाठीवर बांधायला.
गुरुवारी रात्री ऑर्डर, शनिवारी संध्याकाळी माल.
मुबीना आकडे कापायची, मी मशीन मारायची.
शेवटच्या चार नगांना लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात एक्केचाळीस शिवला
आणि त्यातला चार जरासा कलंडला,
घेऊन टेकल्यासारखा एकाच्या अंगावर.
उसवायला वेळ नव्हता.
म्हणलं, पळत्या माणसाची पाठ कोण बघतंय.

आडतीच्या पायरीवर उभी राहिले, शाल घट्ट.
खाली कालची सांडलेली तूर, तिच्यावर कबुतरं.
शिट्टी झाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
माइकवालाही बोलून बोलून थकला,
मधेच कुणाची तरी स्कूटर काढायला सांगू लागला.
मला वाटलं होतं, शर्यत सारखी दिसत राहते.
तांबोळी म्हणाले, येतील, पाच नंबर चौकातून फिरून येतील.

आणि आले.
आले म्हणेपर्यंत गेले.
कबुतरं एकदम उठली, आणि एक आवाज,
शंभर मशिनी धागा न ओवता
रिकाम्या मारल्यासारखा.
माझे बासष्ट चौकोन एक पांढरी पट्टी झाले
आणि देवळाच्या अंगानं वळले.
एक आकडा वाचता येईल तर शपथ.
दोन रात्रींचं काम,
मोजलं असतं तर तीन सेकंद.

दुसऱ्या फेरीला शहाणी झाले.
तोंडं सोडून द्यायची, पाठी धरायच्या.
सात, एकोणीस, तेवीस. सरळ. सरळ. सरळ.
पन्नासच्या कडेची शिलाई मला इथून ओळखू आली.
त्या सायकलींची किंमत तांबोळींनी सांगितली
आणि मी ती ऐकली नाही असं केलं.

एक्केचाळीस दिसेना.
पुढचे येऊन गेले, मधले येऊन गेले,
कुणी तरी जिंकलं, फटाके वाजले,
लोक बांबू सोडायला लागले.
तेव्हा तो आला.
कॅरिअर काढलेली शाळेची सायकल,
कॅरिअरच्या जागी दोन नट तसेच उघडे,
पायात कॅनव्हासचे बूट, एक लेस लोंबती.
सीटवर बसतच नव्हता, उभ्यानं मारत होता.
मागं अँब्युलन्स, त्याच्याच वेगानं, कंटाळलेली.
आणि पाठीवर माझा कलंडलेला चार,
वरची डावी नाडी सुटून
चौकोन कानासारखा फडफडतोय.

माझ्या तोंडातून निघून गेलं, नाडी! अरे नाडी!
मुबीना ओरडली, नाडी!
तांबोळींना काय कळलं कोण जाणे, तेही, नाडी!
त्याला वाटलं असावं, ही माणसं आपल्यासाठी ओरडतायत.
एक हात सोडून वर केला त्यानं,
सायकल डगमगली, सावरली,
आणि वळणावरच्या पोरांना वाटलं हे त्याचं नाव.
पुढच्या कोपऱ्यावरून ऐकू आलं,
ना-डी! ना-डी!
त्याच्या पुढच्या कोपऱ्यावरूनही,
भांड्यांच्या लायनीतून, कापडाच्या लायनीतून,
गोलाईभर फिरत.

अँब्युलन्समागून नवरदेवाची रिक्षा सुटली.
कबुतरं परत तुरीवर बसली.

दुकान उघडलं तर तीन ब्लाउज वाट बघत होते.
कोण जिंकलं, एकीनं विचारलं.
मी मुबीनाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

सोमवारी शर्यतवाले आले,
पुढच्या वर्षीसाठी नंबर धुऊन ठेवा म्हणाले.
टेबलावर मोजले. परत मोजले. एकसष्ट.
एकाचे पैसे त्यांनी माझ्या बिलातून कापले.
मी काही बोलले नाही.